सहेतुक शिंक

युद्ध सोमवारी सुरू होणार हे ठरलं होतं. त्याचं कारण मात्र गुरुवारपर्यंत प्राप्त झालेलं नव्हतं. त्यामुळे फाइल मसुदा शाखेच्या हेडक्लार्ककडे आली.

हेडक्लार्क माणूस शब्दाचा पक्का, म्हणजे शुद्धलेखनाच्या अर्थाने. तेवीस वर्षांत त्यांनी पाणीकपातीपासून मंत्र्यांच्या दुःखापर्यंत सगळ्या विषयांवर पत्रकं लिहिली होती, आणि त्यातलं एकही परत आलं नव्हतं. फाइलीत वरच खनिज खात्याची टिप्पणी होती : शेजारी देशाच्या डोंगरात पांढरा दगड आहे, तो फोनच्या बॅटरीला लागतो, ते लोक त्याचे पैसे मागतात, सबब, डोंगर आपला असणे सोयीचे. हेडक्लार्कांनी तेच नीट परिच्छेद पाडून लिहिलं आणि उपसचिवांपुढे ठेवलं.

"हे काय?" उपसचिवांनी विचारलं.

"कारण, साहेब."

"हे कारण नाही, हा उद्देश आहे. दोन्हींच्या फाइली वेगळ्या असतात. अहो, दगडासाठी मरायला कोण येईल? काहीतरी मनाला लागेल असं शोधा."

हेडक्लार्कांनी सीमेवरच्या चौकीची नोंदवही मागवली. वर्षभरात एकच गोष्ट घडली होती. आपला झेंडा वर चढत असताना पलीकडचा पहारेकरी शिंकला होता.

"त्याला सर्दी होती, असंही लिहिलंय पुढे," हेडक्लार्क म्हणाले.

"त्याची सर्दी आपण कशाला वाहायची? गाळा."

मग मात्र हेडक्लार्कांच्या हाताला चव आली. शिंकेआधी त्यांनी 'सहेतुक' हा शब्द घातला आणि मजकूर उभा राहिला. झेंडा आला, आई आली, तिचे पांढरे केस आले. पाचव्यांदा वाचताना त्यांचेच डोळे भरून आले, आणि त्या पहारेकऱ्याचा त्यांना खरोखरच संताप आला.

रविवारी मजकूर छापून आला. सोमवारी ठरल्याप्रमाणे युद्ध सुरू झालं. मंगळवारी त्यांची मुलगी, जी पावाच्या कारखान्याची गाडी चालवायची, केस कापून घरी आली.

"बाबा, नाव नोंदवून आले. ट्रक चालवायचाय. महिनाभर प्रशिक्षण, मग आघाडी."

हेडक्लार्कांच्या हातातला चमचा ताटात पडला. "का गं?"

"का काय? आपल्या झेंड्यावर तो माणूस शिंकला, आणि तुम्ही का विचारताय!"

"अगं, त्याला सर्दी झाली होती."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच लिहिलंय ते."

मुलीने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाबा, तुमच्याच्याने तसं लिहून होणार नाही. तुम्ही पाणीकपातीची पत्रकं लिहिता."

बायको ताटातला चमचा उचलत म्हणाली, "जरा वाईट लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?"

बुधवारी हेडक्लार्कांनी शुद्धिपत्रक तयार केलं. 'सहेतुक शिंक' याऐवजी 'पांढरा दगड' असे वाचावे. सोबत डोंगराचा आणि फोनच्या बॅटरीचा खुलासा जोडला आणि नोकरी गेली असं समजून टेबलाचा खण रिकामा केला. उपसचिव कागद घेऊन वरच्या मजल्यावर गेले आणि हसत खाली आले.

"मंजूर. जनता आता प्रौढ झाली आहे, असं वरचं मत आहे."

गुरुवारी शुद्धिपत्रक पहिल्या पानावर चौकटीत आलं. लोक आता रस्त्यावर उतरतील म्हणून हेडक्लार्क सकाळपासून बसथांब्यावर उभे होते. शेजारी चष्मेवाले गृहस्थ तेच वाचत होते.

"वाचलंत?" हेडक्लार्कांनी आशेने विचारलं.

"वाचलं ना! हे आधी सांगायला काय झालं होतं? आम्ही उगाच शिंकेवर रागावत बसलो."

"म्हणजे युद्ध थांबवायला हवं."

"थांबवता काय! दगड असा अर्ध्यावर टाकून?"

"मग तुम्ही जाणार?"

"मी?" गृहस्थांनी पाठीला हात लावला. "माझी कंबर बघा ना."

दुपारपर्यंत युद्धाला असलेला पाठिंबा दुप्पट झाला आणि भरतीची रांग संपली. नवीन कोणी येईना, म्हणून आलेल्यांचं महिन्याचं प्रशिक्षण एका तासावर आणलं गेलं. हेडक्लार्क धापा टाकत भरतीच्या मैदानावर पोचले तेव्हा ट्रक ओळीने सुटत होते. सातव्या ट्रकच्या खिडकीत मुलगी होती.

"शुद्धिपत्रक वाचलंस?"

"वाचलं." ती समोरच बघत होती. "ते शिंकेचं खरंच तुम्ही लिहिलं होतं, बाबा?"

"हो."

"चांगलं लिहिलं होतं."

"उतर बाळा. खाली उतर."

"सही झालीय."

ट्रकच्या मागच्या फाळक्याला धरून ते आत डोकावले. औषधं नाहीत, धान्य नाही, काहीच नाही. "अगं, हा तर रिकामा आहे!"

"जाताना रिकामाच न्यायचाय," ती म्हणाली. "येताना भरून आणायचाय." मागच्या ट्रकने भोंगा वाजवला, आणि तिला गाडी पुढे काढावी लागली.

त्या आठवड्यात मसुदा शाखेत नागरिकांच्या पत्रांची चार पोती आली. हेडक्लार्क ती एकट्याने फोडत बसले. शिपायाने मदत देऊ केली, तर त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. कोणीतरी, एखाद्याने तरी, हे थांबवा असं लिहिलं असेल, म्हणून ते प्रत्येक पत्र शेवटपर्यंत वाचत होते. सगळ्यांनी एकच विचारलं होतं : फोन नक्की कधी स्वस्त होणार?

त्यात तुमचंही पत्र आहे. अक्षर छान आहे तुमचं. उत्तर यथावकाश कळवण्यात येईल.