अधोगामी फुलदांडा

ज्या झाडाला माती लागत नाही, त्याला माणूस लागतो. हे शास्त्रवचन आहे. (शास्त्र म्हणजे दुर्मीळ ऑर्किड संवर्धक मंडळाची बावीस पानी पुस्तिका. तिच्यातली चार पाने वर्गणीविषयी आहेत.) सदाफुलीसारखी सामान्य झाडे मातीत पाय रोवून गप्प उभी राहतात आणि मालक विसरला तरी फुलतात. अशा झाडांत प्रतिष्ठा नाही. ऑर्किड कोळशाच्या खड्यांवर आणि सालीच्या तुकड्यांवर बसते, मुळे हवेत सोडते आणि घरातल्या कर्त्या माणसाकडे बघत राहते. कर्ता माणूसही त्याच्याकडे बघत राहतो. या परस्पर बघण्याला संवर्धन म्हणतात.

वजनमापे खात्यातले निरीक्षक गेली पावणेतीन वर्षे असे बघत होते.

माणूस मोठा काटेकोर. त्यांची नुसती सावली बाजारात पडली, तरी दुकानदार पारड्याखाली चिकटवलेली चिंच काढून तोंडात टाकत आणि पुरावा गिळून नमस्कार करत. अशा हातात ऑर्किड पडल्यावर जे व्हायचे तेच झाले. कुंडी किती हलकी झाली यावरून पाण्याची वेळ ओळखावी, असे पुस्तिकेत आहे. बाकीचे लोक कुंडी हाताने उचलून बघतात. निरीक्षकांनी काटा आणला. सतरा कुंड्या, दिवसातून दोन वजने, म्हणजे वर्षाला बारा हजार चारशे दहा नोंदी. वही पाहून कोणीही थक्क व्हावे. फुले : शून्य.

इथे मंडळाच्या रचनेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. सभासदांचे वर्ग तीन. इच्छुक, धारक आणि फुलकरी. इच्छुक मागच्या रांगेत बसतो आणि चहाचा ट्रे फिरवतो. धारक चहा पितो. फुलकरी चहा गार झाल्याचे सांगतो. नियम सातप्रमाणे सलग तीन वर्षे ज्या धारकाच्या घरी फूल येत नाही, तो पुन्हा इच्छुक होतो. निरीक्षकांच्या हातात तीन महिने उरले होते. ज्याच्यापुढे अख्खा बाजार चळचळा कापतो, त्याने मागच्या रांगेतून उठून अध्यक्षांना 'साखर किती घालू?' असे विचारायचे! (अध्यक्ष व्यवसायाने दंतवैद्य असल्यामुळे साखर घेत नाहीत, पण विचारावे लागते.) या एका दृश्याने निरीक्षकांची झोप उडाली होती.

तेव्हा घरात काही सुधारणा करण्यात आल्या.

न्हाणीघरात सात कुंड्या टांगल्या गेल्या. सकाळी साडेसहाला मुलीने कढत पाण्याने आंघोळ करावी, खिडकी उघडू नये आणि बाहेर पडताच दार ओढून घ्यावे, म्हणजे वाफ वाया जात नाही. ऋतू कोणताही असो, पाणी कढतच. (मुलीच्या आंघोळीने आर्द्रता चोपन्नवरून एकाहत्तर टक्क्यांवर जाई. पत्नीच्या आंघोळीने जेमतेम साठ. त्या भराभर उरकतात, असा शेरा वहीत आहे.) पिकलेल्या फळांतून निघणाऱ्या वायूने कळ्या गळतात, म्हणून घरात केळी आणायला बंदी झाली. ज्याला खायचे त्याने जिन्यात जाऊन खावे.

"अहो, आधी कळी तरी येऊ द्या," पत्नी म्हणाल्या. "मग गळायची काळजी करा."

"अगं, याला पूर्वतयारी म्हणतात."

"पंचवीस वर्षं संसार केला, आता जिन्यात उभी राहून केळं खातेय. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी काल विचारलं, भांडण झालं का म्हणून. मी म्हटलं, नाही हो, कुणाशी भांडणार? ते झाडाशी बोलत असतात."

पूर्वेची खिडकी मुलीच्या खोलीला होती. ऑर्किडला सकाळचे कोवळे ऊन मानवते.

"बाबा, माझा पलंग कुठे गेला?"

"बाहेरच्या खोलीत. फक्त थंडीपुरता, बाळ."

थंडी गेली. मग उन्हाळ्याची भीती आली, आणि पलंग बाहेरच राहिला. खोलीत माणसाचा वावर थांबल्याने तापमान स्थिर झाले, ही मोठीच उपलब्धी.

आणि एके दिवशी नऊ नंबरच्या कुंडीत, दोन पानांच्या बेचक्यात, हिरवे टोक दिसले. नऊ नंबर म्हणजे घराण्याची शान. (तिचे शास्त्रीय नाव उच्चारताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो.) पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर स्पष्ट म्हटले आहे : 'नवा कोंब मुळाचा की फुलदांड्याचा, हे पहिल्या आठवड्यात कळत नाही. फुलदांडा उजेडाकडे वर जातो. मूळ खाली जाते. नवशिक्याने घाई करू नये.' निरीक्षक नवशिके नव्हते. त्यांनी घाई केली. 'फुलदांडा आल्याचे प्रमाणित करण्यात येत आहे' असे पत्र त्यांनी फोटोसह मंडळाला पाठवले. अध्यक्षांनी दोन दाढांच्या मधल्या वेळेत फोटो पाहिला, अभिनंदनाचे उत्तर धाडले आणि त्याची प्रत मंडळाच्या फलकावर लावली. (त्याच दिवशी मुलीला नोकरीचे पत्र आले. तिने ते वडिलांना दिसावे म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवले. निरीक्षकांनी त्यावर नऊ नंबर ठेवला. कुंडीखाली काहीतरी हवेच होते.)

कोंब वाढू लागला. चौथ्या आठवड्यात सहा सेंटिमीटर झाला. पाचव्या आठवड्यात तो किंचित वाकला. वहीत नोंद झाली : 'नम्र.' सातव्या आठवड्यात तो कुंडीच्या काठावरून खाली उतरला. नोंद : 'अतिशय नम्र.'

"अहो, मूळ आहे ते," पत्नी म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"खाली जातं ते मूळ. एवढं कळायला मंडळ कशाला लागतं?"

नोंद : 'घरातून विरोध.'

त्याच आठवड्यात मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीवर रुजू व्हायला निघाली. दोन बॅगा होत्या, जड. किती जड, ते वहीत नाही. निरीक्षक त्या वेळी काट्यावर वाकलेले होते. जाता जाता मुलीने कचऱ्याच्या डब्यावर ठेवलेली चार नंबरची कुंडी काखोटीला मारली. वहीत तिच्यापुढे 'मृत' असा शेरा होता.

"येते हं, बाबा."

"दार ओढून घे. वाफ जातेय."

तपासणीसाठी मंडळाचे नऊ जण आले. अध्यक्षांनी दात बघायचा छोटा आरसा काढून कोंबाच्या मागे धरला. मग पुढे धरला. मुळांशी त्यांचा चाळीस वर्षांचा संबंध. त्यांना पहिल्या नजरेत कळले. पण दुसऱ्या नजरेत त्यांना फलकावरचे स्वतःच्या सहीचे अभिनंदन दिसले. त्यांनी आरसा रुमालाने दोनदा पुसला. निरीक्षकांनी मान वळवली. कोपऱ्यात चहाचा ट्रे होता आणि तो त्यांच्याचकडे बघत होता.

"हा साधा फुलदांडा नाही," अध्यक्ष शेवटी म्हणाले.

सर्वांनी सुस्कारा सोडला.

"पण खाली जातोय की," ट्रे घेऊन उभ्या असलेल्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या.

"इच्छुकांना मत नसतं, बाई. चहा गार होतोय."

ठराव एकमताने मंजूर झाला. सदर कोंब हा 'अधोगामी फुलदांडा' असून, त्यास फूल येईपर्यंत ते आले आहे असे समजण्यात यावे. निरीक्षक फुलकरी झाले. त्यांच्या छातीवर बिल्ला लागला. तो त्यांनी लगेच काट्यावर ठेवून पाहिला. अकरा ग्रॅम.

ठरावाचे परिणाम उत्साहवर्धक होते. आदल्या वर्षी मंडळाच्या सभासदांकडे एकूण चार फुले आली होती. या वर्षी दोनशे बारा. निवृत्त शिक्षिकांच्या एकट्या गॅलरीत एकोणीस अधोगामी दांडे लोंबताना सापडले. त्यांनी त्याच दिवशी ट्रे खाली ठेवला. मंडळातला एकूण एक सभासद फुलकरी झाला. (सबब गेल्या तीन सभा चहाविना झाल्या.)

अशा वैभवाच्या काळात निरीक्षकांच्या फोनवर मुलीकडून एक फोटो आला. भाड्याच्या खोलीतली खिडकी, खाली भांडी घासायची मोरी, बाजूला केळ्यांचा घड आणि चार नंबरची कुंडी. कुंडीतून एक दांडा सरळ वर गेला होता. त्यावर पिवळीधमक पाच फुले होती, आणि प्रत्येकाच्या ओठासारख्या पाकळीवर किरमिजी ठिपके. खाली लिहिले होते : 'बाबा, हे फूलच ना?'

निरीक्षकांनी फोटो मोठा करून पाहिला. लहान करून पाहिला. क्षणभर त्यांचे बोट 'हो' लिहायला पुढे झाले. पण हात सवयीने बिल्ल्यावर गेला. त्यांनी नियमाला धरून उत्तर पाठवले : 'वर जात आहे, म्हणजे मूळ असावे. टोकाला रंग दिसतो, ती कीड. छाटून टाक. वजन कळव.'

पत्नींनी फोटो पाहिला, उत्तर पाहिले आणि फोन घेऊन जिन्यात गेल्या. बराच वेळ जिन्यातून दोन बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. त्यातली एक फोनच्या आत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी महिनाभरासाठी मुलीकडे गेल्या. न्हाणीघरातली आर्द्रता सत्तेचाळीसवर आली आहे.

मंडळाला सध्या इच्छुकांची नितांत गरज आहे. निवडीसाठी चार प्रश्नांची तोंडी परीक्षा असते. नऊ नंबरचा कोंब कोणत्या दिशेला गेला? केळी कुठे खावीत? बिल्ल्याचे वजन किती? या तिन्हींची उत्तरे तुम्हाला पाठ आहेत, हे मंडळाला ठाऊक आहे. चौथा प्रश्न असा : मुलीला नोकरी कसली लागली?

ते वर कुठेही लिहिलेले नाही, आणि इथवर येईपर्यंत तुम्ही विचारलेही नाही.

अभिनंदन. आपली निवड झाली आहे. पुढच्या सभेला जरा लवकर यावे, कप धुवायचे आहेत.