कॉम्प्रेसर निवडीची विशेष सभा

आमच्या वाडीच्या दूध संस्थेतल्या बल्क कूलरचा, म्हणजे दूध गार ठेवणाऱ्या टाकीचा, कॉम्प्रेसर सोमवारी दुपारी दिवंगत झाला. सचिव या नात्याने मी तशी नोंद केली. टँकरवाल्याने नासकं दूध परत करून बजावलं, गुरुवारी गार दूध मिळालं नाही तर टँकर वाडीत पुन्हा येणार नाही. मग दूध घालायला पाच किलोमीटरवरचं पेठ गाव गाठायचं. आमच्या सभासद साळुबाईचे दोन्ही गुडघे गेलेले आणि सगळा संसार दोन गाईंवर. तिने दिवसातून चारदा येऊन मला भंडावून सोडलं.

निरगुडसरची मेकॅनिक कल्याणी दोन कॉम्प्रेसर घेऊन आली. एक लहान, एक अवाढव्य.

"लहानच बसवा भाऊ. तुमच्या कूलरला तेवढाच लागतो."

एवढ्या सोप्या निर्णयाने संस्था चालत नाही. रीतसर विशेष सभा बोलावली आणि दोन्ही ओट्यावर चालू करून दाखवले. लहान कधी चालू झाला ते कुणाला कळलंच नाही.

"ह्यो काम करतोय ह्याला पुरावा काय?" अध्यक्ष बाजीरावांनी विचारलं.

"पायपाला हात लावून बघा, अण्णा."

"तपासणीला आलेला साहेब हात लावतोय व्हय?"

मोठा सुरू झाला तशी पत्र्यावरची कबुतरं उडाली. मोठ्याचा ठराव हात वर करून, सर्वानुमते मंजूर.

मोठा दूध इतकं झटकन गार करी, की दर दोन मिनिटांनी आपोआप बंद होई. बंद झाला की शांतता, आणि शांतता झाली की 'बंद पडला' म्हणत सभासद कचेरीवर चालून येत. अध्यक्षांनी आदेश दिला, बंद करणारी वायरच काढा.

"मी न्हाई काढणार. दूध गोठंल," कल्याणी म्हणाली.

'असहकार' अशी नोंद करून वायर मीच काढली.

गुरुवारी टँकर आला तेव्हा कूलरमध्ये आठशे लिटरचा दगड होता. ड्रायव्हरने नळी गुंडाळली आणि रिकामा टँकर घेऊन निघून गेला. 'उद्दिष्टापेक्षा जास्त शीतकरण साध्य', असं मी अहवालात लिहिलं.

साळुबाई किटली ठेवून मटकन खाली बसली. "वाटोळं केलं रं माझं." मला वाईट वाटलं; वाईट वाटायला अध्यक्षांची मंजुरी लागत नाही.

"मावशी, तुमी कुठल्याला हात वर केला व्हता?" कल्याणीने विचारलं.

"सगळ्यांनी केला, मी बी केला. लई जोरात चालत व्हता गं."

हसू नका. इतिवृत्त माझ्याकडे आहे. शेवटच्या रांगेत, मोबाइलात मान घालून, तुम्हीही होतात. विषय काय ते तुम्ही विचारलं नाहीत. हात मात्र तुमचाही वर होता.