कानबाईचे रोट आणि चोवीस उंदीर

पोटातल्या अल्सरवर रामबाण औषध मीच शोधून काढणार, हे मी नूतनला, म्हणजे माझ्या बायकोला, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, "आधी गॅसचा नंबर लावा." थोर माणसांच्या बायका अशाच असतात!

मी कुंदन पाटील. जळगावबाहेर हायवेला लागून एक फार्मसी कॉलेज आहे, तिथे औषधशास्त्र शिकवतो. सहा वर्षांपासून पीएचडी करतोय. विषय एका झाडाचा पाला. झाड आपल्या खान्देशातलंच, पारोळ्याकडे शेतांच्या बांधांवर उगवतं. बकरीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. नाव? नाव सांगणार नाही! का नाही, ते पुढे कळेलच.

चाचणी सोपी होती. चोवीस उंदीर. बारा जणांना आठ दिवस पाल्याचा अर्क पाजायचा, बारा जणांना नुसतं पाणी. मग सगळ्यांना एक दिवस कडकडीत उपास. दुसऱ्या दिवशी रिकाम्या पोटी गुडघेदुखीची गोळी, चांगली सणसणीत. तुमचे आई-वडील खातात तसलीच! जास्त झाली की ती पोटाला आतून सोलून काढते. मग पोटं उघडायची आणि लाल चट्टे मोजायचे. पाणीवाल्यांच्या पोटात चट्टे आणि पालावाल्यांची पोटं स्वच्छ निघाली की झालो मी डॉक्टर कुंदन पाटील! उंदरांचं पुढे काय होतं म्हणता? पोट उघडल्यावर कोणाचं काय होणार! चला पुढे.

उंदरांची खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तिथले सर्वेसर्वा झुलालभाऊ. वय अठ्ठावन्न, अकरा वर्षांची नोकरी, दरवर्षी कंत्राट नवं. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाणी भरणं सगळं त्यांच्याकडे. पाला आणायचं कामही त्यांचंच, कारण त्यांचं गाव पारोळ्याजवळ. घरी ते आणि बायको यशोदाबाई, मूलबाळ नव्हतं. उंदरांना ते "काय रे दादा" म्हणायचे. मी ज्यांना नंबर द्यायचो, त्यांना ते नावं द्यायचे.

गुडघे मात्र पार गेलेले. उतरताना एकेका पायरीवर "आई वं!" दुखलं की गोळी खायची, गोळी खाल्ली की पोट जळायचं. मेमध्ये डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "ही गोळी बंद करा. पोटात जखम आहे. एक दिवस रक्त ओकाल." पोटाचं औषध लिहून दिलं. झुलालभाऊ मला म्हणाले, "सर, गोळी सोडी दिधी तं जिना चढता येवाव नही. जिना चढता उना नही तं मार्चले मना कंत्राटना कागद कोन करी?" मी म्हणालो, "थांबा जरा. माझं औषध येतंय."

हे मी गमतीनं बोललो होतो बरं का!

तर श्रावणातला एक सोमवार. माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस! आदल्या दिवशी उंदरांचा उपास होता. सकाळी त्यांना गोळ्या दिल्या, काही तासांनी मी कामाला लागलो. खरं तर दोन्ही गटांतले उंदीर मिसळून तपासायचे असतात. पण मला दम कुठला! आधी पालावालेच घेतले.

पहिलं पोट स्वच्छ. दुसरं स्वच्छ. बारावंही स्वच्छ. एकही चट्टा नाही! नव्या घराची फरशी पुसल्यासारखी पोटं!

मी फोनच उचलला. माझ्या गाइड मेघा मॅडम धुळ्याला होत्या.

"मॅडम, शंभर टक्के!"

"कंट्रोल गट, पाणीवाला, बघितला का, कुंदन?"

"तो काय, बघायचाच आहे! फॉर्मॅलिटी!"

पाच मिनिटांत त्या स्वच्छ पोटांचा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर गेला. तिथून प्राचार्यांकडे, प्राचार्यांकडून संस्थेच्या अध्यक्षांकडे. अर्ध्या तासात पेढे आले! एका स्थानिक पेपरवाल्याला कोणी बोलावलं कोण जाणे, तोही आला. त्यानं मला पाला हातात धरून उभं केलं. मी उभा राहिलो.

झुलालभाऊ पेढा हातात घेऊन दाराशी उभे होते. हळूच म्हणाले, "सर, म्हंजे हाऊ पाला लिधा, का गोळ्या खाद्या तरी पोटले काहीच व्हत नही?"

पेपरवाला लिहून घेत होता. मी छाती पुढे काढली.

"झुलालभाऊ, दगड खा! काही होत नाही!"

दुपारी उरलेले बारा घेतले. पाणीवाले. पहिलं पोट उघडलं, तर स्वच्छ! दुसरंही स्वच्छ! आणि आत भरगच्च काहीतरी. चिमट्यानं उचलून बघितलं. गव्हाचं. गोड वास येत होता. पालावाल्यांच्या पोटातला माल मी सकाळी आनंदाच्या भरात धुऊन टाकला होता, बघितलाही नव्हता.

"झुलालभाऊ!"

ते आले. चिमट्याकडे बघून हसले. "रोट शेतस, सर. कानबाईना."

आता जळगाव-धुळ्याबाहेरच्यांना सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, ते दळायचे, त्याचे रोट करायचे. हे रोट फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. म्हणून तर अकरा वर्षांत झुलालभाऊंनी मला एकदाही रोट दिला नव्हता!

"उंदरांना रोट? रोट बाहेर देतात का?"

"बाहेर कोठे? या बी मना घरनाच शेतस, सर." ते अगदी सरळ म्हणाले. "यशोदानी यासना नावनी बी सव्वा मूठ लिधी व्हती. काल सांजले दिधा, आज सकाळे बी दिधा. बठ्ठासले सारखा. कानबाईना दिन घरना जीव कोनी उपाशी ठेवस का?"

मी ओरडलो हो! इतका ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या मुली जिन्यात आल्या. "अक्कल आहे का? सहा वर्षं! उपाशी पोटालाच फोड लवकर येतात, भरल्या पोटाला येत नाहीत, म्हणून तर उपाशी ठेवायचं! साधी गोष्ट कळत नाही?" झुलालभाऊ मान खाली घालून उभे. हातात अर्धा पेढा तसाच.

"चुकनं, सर," एवढंच म्हणाले.

मी काय बोललो ते तुम्ही वाचलंत. काय बोललो नाही, ते सांगतो. पाल्यानं काही सिद्ध झालेलं नाही, हे मी बोललो नाही. दगड खा म्हणालो होतो, ते मागे घेतलं नाही. मी आपला उंदरांच्या उपासावरूनच चिडलेला!

घरी नूतनला सगळं सांगितलं. तिनं पोळी तव्यावर टाकता टाकता विचारलं, "मग पेपरवाल्याला सांगितलं का, छापू नको म्हणून?"

"सांगतो उद्या."

"आणि झुलालभाऊंना? त्यांचं पोट खराब आहे ना?"

"अगं, त्यांचा काय संबंध! सांगतो उद्या."

दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली, फोटोसकट. प्राचार्यांनी ती लॅमिनेट करून दारात लावली. आता काय सांगणार! मेघा मॅडमना म्हणालो, "नंबर वाढवायला चाचणी पुन्हा करतो." त्या म्हणाल्या, "शाब्बास, अशीच शिस्त हवी." शाब्बास ऐकून मी ओशाळलो, पण फोन ठेवेपर्यंतच.

नवे उंदीर यायला दोन महिने लागले. या दोन महिन्यांत एक चमत्कार झाला. झुलालभाऊ जिना चढायला लागले! "आई वं" बंद. एकदा तर दोन पिंजरे घेऊन धडाधड वर आले. मी म्हणालो, "काय झुलालभाऊ, तरणे झालात!"

ते हसले. "पाला शे ना, सर! आते काय भेव!"

तुम्हाला खरं सांगतो, मला कळलं. त्याच क्षणी कळलं! गोळ्या वाढल्यात, पोटाचं औषध सुटलंय आणि मधे माझा पाला आहे. तोंड उघडलंही होतं. पण दारातून प्राचार्य कोणा पाहुण्यांना घेऊन येत होते आणि म्हणत होते, "हेच ते आमचे पाटील सर!" पाहुण्यांशी बोलता बोलता राहून गेलं. नंतरही राहून गेलं. नवे आकडे आले की एकदाच काय ते सांगू, असं मी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावू शकतो!

ऑक्टोबरात दुसरी चाचणी. या वेळी उपासाच्या दिवशी खोलीला मी स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. झुलालभाऊ बंद दाराबाहेर बराच वेळ उभे होते, असं वॉचमननं मागाहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी झुलालभाऊ आलेच नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदा खाडा! मी जाम भडकलो. "उंदीर उपाशी ठेवले म्हणून रुसून बसले वाटतं!" सगळं एकट्यानं केलं. सकाळपासून पोटात चहाचा घोट नाही. दुपारी पालावाल्यांचं पहिलं पोट उघडलं.

लाल. सगळं लाल!

दुसरंही तसंच. सहावं उघडेपर्यंत मी मोजणं सोडून दिलं. माझा पाला म्हणजे निव्वळ पाला होता. सहा वर्षांचा पाला! हातमोजे काढतोय तेवढ्यात फोन वाजला. झुलालभाऊंच्या घरून, यशोदाबाई.

"सर, यासले रगतनी उलटी व्हयनी! दोनदा! तुम्ही या ना, सर!"

मी जिना कसा उतरलो, आठवत नाही.

हॉस्पिटलात झुलालभाऊ खाटेवर होते, पांढरेफटक. एका हाताला सलाईन, दुसऱ्याला रक्त. डॉक्टर मेमध्ये गोळी बंद करा म्हणणारेच होते, तरुण, घाईत.

"गुडघ्याच्या गोळ्या किती खात होते?"

"रोजन्या तीन," यशोदाबाई म्हणाल्या.

"तीन! आणि मी दिलेलं पोटाचं औषध?"

"ते बंद करी टाकं. सरना पाला लेतस ना रोज, चहामां." त्यांनी पिशवीतून पाल्याची पुडी काढली. पुडी माझ्याच बातमीच्या कागदात बांधलेली होती! माझ्या फोटोवर तेलाचा डाग पडलेला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, रागानं नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं, "सर, रोज लेतस. तरीबी असं कसं व्हयनं?"

डॉक्टर पुडीकडे बघत होते. मग फोटोकडे. मग माझ्याकडे.

"तुम्ही का?"

मी मान हलवली. माणसानं एवढंसं व्हावं म्हणजे किती, ते मला त्या दिवशी कळलं.

रक्ताच्या चार पिशव्या लागल्या. दुर्बिणीनं आतली जखम बंद केली. चार दिवस जीव टांगणीला होता. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "वाचले. पण आज तोंडानं काही नाही. जिना तर आता विसराच." मार्चचा कागद होणार नाही, हे आम्हा तिघांनाही समजलं.

मी खाटेजवळ स्टुलावर बसलो. ठरवून आलो होतो. सगळं सांगितलं. रोटांमुळे पोटं स्वच्छ निघाली होती, पाल्यामुळे नाही. मला त्याच दुपारी कळलं होतं. नंतर ते पिंजरे घेऊन धडाधड वर आले, तेव्हा गोळ्या वाढल्याचंही कळलं होतं. आणि मी गप्प बसलो. सांगता सांगता मला रडू आलं, लपवून काय उपयोग! यशोदाबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आजपर्यंत नाही.

झुलालभाऊंनी सलाईनची नळी जरा बाजूला केली. मग म्हणाले, "मंग या टायमे उंदीर खरंच उपाशी व्हतात?"

"हो."

"बठ्ठा?"

"सगळे."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायलाच हव्या होत्या! पण डोळे उघडून माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही जेवनात का, सर?"

सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"यशोदा, सरले भाकर दे."

यशोदाबाईंनी न बोलता डबा माझ्यापुढे ठेवला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा. खाटेच्या उशाशी पाटी लटकत होती: 'तोंडावाटे काही देऊ नये.' त्या पाटीखाली झोपलेल्या माणसासमोर मी घास हातात घेऊन बसलो. घास काही केल्या तोंडाजवळ जाईना.

"खा ना, सर," झुलालभाऊ म्हणाले. "उपाशी पोटले फोड लवकर येतस. तुम्हीच सांगेल शे."

खाल्ली मी भाकरी. पूर्ण खाल्ली. बातमी आता कॉलेजच्या दारावर नाही, मीच काढली आणि पेपरवाल्याला खरं काय ते लिहूनही दिलं. त्यानं ते आतल्या पानावर दोन ओळींत छापलं, फोटो न घालता. तरी पारोळ्याकडून अजून फोन येतात, "सर, त्या पालानं नाव काय व्हतं?" मी रॉंग नंबर म्हणतो आणि फोन ठेवतो.