ज्योत्स्नाताईचा चेहरा आणि महादेवरावांची कवळी

गुपित सांभाळावं तर मीच! अख्ख्या सेलूत माझ्याइतका घट्ट ओठांचा माणूस सापडणार नाही. म्हणूनच माझी थोरली बहीण ज्योत्स्नाताई चेहऱ्याच्या ऑपरेशनला नागपूरला गेली, ती एकट्या मला सोबत घेऊन.

ताईचं साड्यांचं दुकान. वय साठीचं, जीभ कात्रीची.

"आरशात पाह्यलं का मले माही सासूच दिसते! मी काऊन सहन करू?"

डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. नुसती कातडी ताणायची नाही. आतला थर उचलून टाचायचा, वरून कातडी अलगद बसवायची. टाके कानाच्या कडेनं, घडीत लपलेले. काय कारागिरी!

"म्हंजे आंधी अस्तर, मंग कापड!" ताई म्हणाली. डॉक्टर खूश! मी मात्र खुर्ची घट्ट धरून बसलो होतो.

ऑपरेशन झकास झालं. घरी आलो तेव्हा ताईच्या डोक्याभोवती पट्टी आणि गाल पपईएवढे! दारातच शेजारच्या सीताबाई.

"अगं माय! काय झालं इले?"

"दाढ काढली," मी ठोकून दिलं.

त्या एका दाढेची गल्लीत पूर्ण बत्तिशी झाली! "ज्योत्स्नाबाईचे सारे दात गेले!" मऊ खिचडीचे डबे आले, शिऱ्याच्या वाट्या आल्या. बायका ताईभोवती डोळे पुसत बसल्या. आणि तेवढ्यात गल्लीतले म्हातारे महादेवराव रुमालात काहीतरी गुंडाळून हजर!

"आमच्या मंडळीची कवळी हाये. तिले बसलीच नाई. तू लावून पाह्यजो, बाई."

ताईचे खांदे हलायला लागले. "हसवू नका! टाके तुटतीन!" असं ओरडता ओरडता ती तोंडभर हसली.

सगळे दात जागच्या जागी! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

"दात नाई, चेहरा उचलून आणला," ताई शांतपणे म्हणाली. "माह्या खुशीनं. कोनाले काही म्हनाचं हाये?"

कोणाची हिंमत! मला तर त्या क्षणी ताईचा केवढा अभिमान वाटला! सीताबाईंनी चष्मा लावून, पट्टी जराशी सरकवून तिच्या कानामागे पाहिलं.

"टाके दिसूनच नाई राह्यले वं! काय हात हाये डॉक्टरचा!" मग त्या माझ्याकडे वळल्या. मला नीट न्याहाळलं. "आन् भाऊ, तुमी कवा जाता?"

मी ताडकन उठून आत गेलो. तेव्हापासून दाढी करताना दोन बोटांनी गाल वर ओढून बघतो. नुसतं बघतो हं!