मामांच्या दीडपट मोठ्या बाई

यंदा चौथीत गणितात एकही पोर नापास होणार नाही, असं पाढेसरांनी शाळा उघडली त्याच दिवशी शिक्षकखोलीत जाहीर केलं. नुसतं जाहीर करून थांबले असते तर ते पाढेसर कसले? त्यांनी ते वाक्य तिथल्या फळ्यावर लिहिलं आणि खाली तारखेसकट सही ठोकली. सरांना सहीचा भारी नाद. वहीत एक बेरीज तपासली तरी खाली अशी ऐसपैस सही करायचे, की बेरीज कोपऱ्यात अंग चोरून उभी आहे असं वाटावं.

जिना चढता-उतरताना ओठातल्या ओठात पाढे म्हणण्याची सवय, म्हणून पाढेसर. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते पोरांना माहीत नव्हतं.

मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, चष्म्यावरून फळ्याकडे बघत म्हणाल्या, "आणि एखादं झालंच नापास, तर?"

"होणारच नाही, बाई."

"पण झालं तर?"

"तर तुमच्या टेबलाच्या डाव्या खणातलं ते पत्र फाडून टाका."

शिक्षकखोलीतल्या सगळ्या माना सरांकडे वळल्या. कारण डाव्या खणातलं पत्र काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. पाढेसर तीन वर्षं हंगामी होते. त्यांना कायम करावं अशी शिफारस टाइप होऊन त्या खणात पडली होती. फक्त बाईंची सही बाकी होती. ज्या माणसाला सहीचा एवढा नाद, त्याचं अख्खं घोडं दुसऱ्याच्या सहीवर अडलं होतं.

तर सर हिरिरीने कामाला लागले. पुस्तक उघडलं. 'दोन मजूर एक भिंत सहा दिवसांत बांधतात, तर तीन मजूर ती भिंत किती दिवसांत बांधतील?'

पहिल्या बाकावरून हात वर आला. हा हात वकीलबाईंचा. वय वर्षं नऊ, दोन वेण्या, आणि शाळेच्या शिपाईमामांची सख्खी नात. समोरच्याने काहीही सांगितलं की 'कशावरून?' म्हणायची, म्हणून वर्गाने तिला सनद बहाल केली होती.

"सर, ते मजूर कुठले?"

"पुस्तकातले."

"मग सात दिवस लागतील. तिसरा आला की तिघं गप्पा मारत बसतात. आमच्या घरी भिंत बांधली तेव्हा असंच झालं."

बाकी वर्गाचं काय म्हणणं आहे हे बघायला सरांनी नजर फिरवली. बाकी वर्गाचं काहीच म्हणणं नव्हतं. अर्धा पेंगत होता, उरलेला अर्धा त्यांना पेंगताना बघत होता.

त्या दिवशी घरी जेवताना सरांना साक्षात्कार झाला. त्यांनी घास तसाच हातात धरून बायकोला सांगितलं, "चूक पोरांची नाही. पुस्तकातल्या माणसांना चेहराच नाही. मी गणितात ओळखीची माणसं आणणार."

"आणा," बायको म्हणाली. "फक्त मला आणू नका."

बायकांना पुढचं कसं दिसतं, हे कुठल्याही गणिताने सुटलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर ओळखीची मंडळी अवतरली. 'शाळेसमोरचे शिंपीकाका चार दिवसांत बारा सदरे शिवतात. तर दहा दिवसांत किती?' वर्ग खाडकन जागा झाला. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस पोरांनी तीस उत्तर काढलं, आणि सरांनी एकोणचाळीस ऐसपैस सह्या केल्या. संध्याकाळी पोरांच्या आया शिंपीकाकांच्या दुकानात. "दहा दिवसांत तीस सदरे शिवता म्हणे, मग आमचा एकच सदरा दीड महिना का लटकलाय? सरांची सही आहे वहीत!" शिंपीकाकांनी आठवडाभर सरांशी बोलणं टाकलं, पण सदरे मात्र वेळेवर मिळू लागले.

मग तर सरांची कीर्ती गल्लीभर झाली. फाटकाशी टोपली घेऊन बसणारा फळवाला एकदा हळूच म्हणाला, "सर, आम्हालाही घ्या की एखाद्या गणितात. तेवढीच धंद्याला मदत."

"येईल, तुमचाही नंबर येईल," सरांनी आश्वासन दिलं. या आश्वासनाखाली त्यांनी सही केली नाही, एवढीच काय ती सावधगिरी.

सहामाहीच्या तोंडावर वयाची गणितं आली. हा प्रकार चौथीच्या पोरांना कडू औषधासारखा. सरांनी ठरवलं, औषध द्यायचं तर साखरेतून. शाळेतली सगळ्यांत लाडकी दोन माणसं घ्यायची, शिपाईमामा आणि मोठ्या बाई. मामांचं खरं वय सत्तावन्न. पण सत्तावन्नाची निम्मी साडेअठ्ठावीस होते, आणि गणितात मध्येच 'साडे' आलं की पोरं रडवेली होतात. सरांनी मामांना बिनदिक्कत नऊ वर्षांनी तरुण केलं.

'शिपाईमामांचे वय ४८ वर्षे आहे. मोठ्या बाईंचे वय मामांच्या वयाच्या दीडपट आहे. तर मोठ्या बाईंचे वय किती?'

अठ्ठेचाळीस आणि त्याची निम्मी चोवीस. बहात्तर. काय सुरेख भाग जातो! अडतीस पोरांनी बहात्तर लिहिलं. अडतीस वेळा सरांनी 'बरोबर. शाब्बास' लिहून सही केली.

एकोणचाळिसावी वही वकीलबाईंची. तीत लिहिलं होतं, 'गणित चूक आहे. आजोबांना विचारले. ते ५७ आहेत. ते म्हणाले मोठ्या बाई माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण आवाज मोठा. उत्तर ५४.'

सरांनी लाल शाईने भलीमोठी फुली मारली आणि शेरा दिला: 'गणितातली माणसे खरी नसतात. दिले आहे तेवढेच धरावे. घरी विचारू नये.' खाली सही, तारीख.

आता या अडतीस वह्या अडतीस घरी गेल्या. त्यांतल्या एका घरात शिक्षण कचेरीतला एक कारकून राहत होता. कारकून हा प्राणी पोराची वही उघडली तरी आधी सही बघतो. सही होती. मग मजकूर वाचला. मग तो चष्मा पुसून पुन्हा वाचला.

इकडे शाळेत वेगळंच चाललं होतं. मामांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. पुढच्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण, म्हणजे निवृत्ती, म्हणून चार महिने तोंड पाडून बसलेले मामा अचानक शीळ घालत घंटा वाजवू लागले. केस काळेभोर झाले. दोन-दोन पायऱ्या एका दमात चढू लागले. कोणी विचारलं तर म्हणायचे, "अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नाही चढायच्या तर कधी?"

आठवडा उलटला, आणि कचेरीतून साहेब आले. बगलेत बाईंचं सेवापुस्तक, हातात कारकुनाच्या पोराची वही. मोठ्या बाईंनी खुर्ची दिली, मामांना चहा सांगितला. साहेबांनी घसा खाकरला.

"बाई, विषय नाजूक आहे. आपलं वय काय?"

"चोपन्न. तुमच्या बगलेतल्या सेवापुस्तकात आहे की."

"सेवापुस्तकात आहे. पण या वहीत बहात्तर आहे."

बाईंनी वही घेतली, वाचली आणि अत्यंत शांत आवाजात म्हणाल्या, "मामा, चहा राहू द्या. पाढेसरांना बोलवा."

बाई ओरडल्या तर घाबरायचं कारण नसे. बाई शांत झाल्या की कावळेसुद्धा कौलांवरून उठत.

सर आले. उघड्या वहीतली सही त्यांनी दारातूनच ओळखली. साहेबांनी विचारलं, "ही सही आपली?"

नाकारता येण्यासारखी ती सहीच नव्हती. अर्धं पान तिनेच खाल्लं होतं.

"आपलीच," सर म्हणाले. "पण साहेब, ते नुसतं गणित आहे हो."

"आपण बहात्तर तपासून 'बरोबर' असं प्रमाणित केलंय. निवृत्ती अठ्ठावन्नाला. बहात्तर वजा अठ्ठावन्न, चौदा. म्हणजे बाई चौदा वर्षं जादा नोकरीत. आणि अशा किती वह्या आहेत?"

"अडतीस," सरांच्या तोंडून निघून गेलं. गणिताच्या माणसाला आकडा विचारला की जीभ ऐकत नाही.

"बघा! सेवापुस्तक एक, वह्या अडतीस. मी वर काय कळवू?"

बाई सरांकडे वळल्या. "पाढेसर, मला अठरा वर्षांनी म्हातारी का केलीत?"

"भाग पूर्ण जावा म्हणून, बाई."

"माझं वय तुमच्या भागाकारासाठी वाढवलंत?"

"मामांचं खरं वय धरलं असतं तर साडे आलं असतं, बाई. साडेपंच्याऐंशी."

हे सांगायला नको होतं, हे सरांना सांगून झाल्यावर कळलं. बाईंचा हात डाव्या खणाकडे गेला. खण उघडल्याचा आवाज सरांना आपल्या बरगड्यांतून आला.

"थांबा," साहेब म्हणाले. "मामांचं वय कळलं की बाईंचा उलगडा होईल. मामा, तुमचं वय किती?"

नको म्हटलेल्या चहाचा ट्रे घेऊनच मामा दारात उभे होते. त्यांनी खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा निरखला आणि सावधपणे विचारलं, "गणितातलं का खरं?"

"म्हणजे?"

"नाही, अर्ज मी गणितातल्यावर केलाय." मामांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "अठ्ठेचाळीस धरलं तर माझी अजून दहा वर्षं नोकरी आहे. पुरावा म्हणून पोरांच्या वह्या जोडतोय."

साहेबांनी डोकं धरलं. एका गणिताने एक बाई घरी जात होती आणि एक मामा दहा वर्षं बसत होता. "वर्ग बोलवा," ते म्हणाले.

बाईंच्या खोलीत एकोणचाळीस पोरं मावेनात. काही खिडकीत चढली. साहेबांनी विचारलं, "मुलांनो, मोठ्या बाईंचं वय किती?"

"बहात्तर!" अडतीस गळे. कधी नव्हे तो सगळा वर्ग एका सुरात, न चाचरता. एरवी सरांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. आताही आलंच, पण कारण वेगळं होतं.

"चोपन्न," एक आवाज मागून आला.

वकीलबाई कोपरं मारत पुढे आली. हातात वही.

"कशावरून?" साहेबांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द तिला दुसऱ्याकडून ऐकायला मिळाला. ती खूश झाली.

"आजोबांनी सांगितलं. ते सत्तावन्न, बाई तीन वर्षांनी लहान."

"ए पोरी," मामा दबक्या आवाजात म्हणाले, "घरचं घरात ठेवावं ग."

"पण आजोबा, तुम्हीच म्हणता ना, खोटं बोलू नये. आणि तुमच्या केसांचा काळा रंग उशीला लागतो. आजी ओरडते."

मामांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि अर्जाची घडी पुन्हा खिशात घातली.

साहेबांनी वही उघडली. "पण इथे तर फुली आहे. म्हणजे चोपन्न चूक?"

"फुलीखालचं वाचा, साहेब," सर घाईघाईने म्हणाले. "शेरा वाचा!"

साहेबांनी मोठ्याने वाचलं. "'गणितातली माणसे खरी नसतात.' हं. लेखी आहे?"

"लेखी आहे, सही आहे, तारीखही आहे."

साहेबांनी सही कारकुनाच्या पोराच्या वहीतल्या सहीशी ताडून पाहिली. दोन्ही सारख्याच अवाढव्य. त्यांचा चेहरा उजळला. माणूस खरा की खोटा याची त्यांना चिंता नव्हती, कागदाला कागद मिळाला होता. 'सदर वय गणितापुरते' असं लिहून त्यांनी प्रकरण मिटवलं, थंड झालेला चहा प्यायले आणि गेले.

वकीलबाई मात्र हलेना. "सर, माझी फुली?"

सरांनी सगळ्यांसमोर लाल पेन काढलं, फुली खोडली, 'बरोबर. शाब्बास' लिहिलं. सही करायला जागा शोधली, पण बाईंकडे बघून पेन मिटलं.

पोरं गेली. खोलीत बाई, सर आणि उघडा डावा खण. बाईंनी पत्र काढलं. फाडायला धरावं तसं दोन्ही हातांत धरलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. बाई हसत होत्या! "साडेपंच्याऐंशी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "थोडक्यात वाचले की हो मी."

त्यांनी सही केली. छोटीशी, कोपऱ्यात. सरांना एवढी सुंदर सही पूर्वी कधी दिसली नव्हती.

"पण पत्र उद्या दुपारच्या टपालाने जाईल," बाई म्हणाल्या, "आणि एका अटीवर. उद्यापासून गणितं पुस्तकातली. अक्षरन् अक्षर पुस्तकातली. शाळेतलं, गल्लीतलं, ओळखीचं एकही माणूस फळ्यावर दिसता कामा नये."

"पुस्तकाबाहेर पाऊल टाकणार नाही, बाई."

आणि सरांनी टाकलंही नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला पुस्तक उघडलं, पान एक्केचाळीस, आणि काना-मात्रा न बदलता फळ्यावर उतरवलं: 'एका फळवाल्याने १२० संत्री आणली. त्यांपैकी एक चतुर्थांश नासकी निघाली. तर चांगली संत्री किती?' एकोणचाळीस पोरांनी नव्वद उत्तर काढलं. सर्व बरोबर, सर्वांखाली सही. सर खुर्चीत रेलून बसले. मधली सुट्टी झाली, पोरं खाऊ घ्यायला फाटकाकडे पळाली.

मधली सुट्टी संपायच्या आत वर्गाच्या दारात काहीतरी धपकन आदळलं. टोपली होती. टोपलीमागे फळवाला, लालबुंद.

"मोजा, सर. एकेक मोजा. नासकी तीस दाखवा, धंदा सोडतो. एक पोर फिरकलं नाही टोपलीकडे! म्हणतात, सरांची सही आहे. गणितात घ्या म्हणालो होतो मी, ते याच्यासाठी?"

वकीलबाई केव्हाच टोपलीशी मांडी घालून बसली होती. "सर, मी मोजते. एक, दोन..." अख्खा वर्ग तिच्याभोवती जमला आणि मोजू लागला. इतक्या आनंदाने पोरांनी सबंध वर्षात काही मोजलं नव्हतं. वास घेऊन, दाबून, उजेडाला धरून. शेवटी ती उठली आणि निकाल दिला, "आज सव्वीसच आणलीत. नासकं एक. चांगली पंचवीस."

एवढ्यात व्हरांड्यातून मोठ्या बाई आल्या. हातात पाकीट होतं. पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेलं, टपालपेटीकडे निघालेलं. दारात थबकल्या. संत्री पाहिली, फळवाला पाहिला, फळा पाहिला. पाकीट हळूच पाठीमागे गेलं.

"पाढेसर," त्या अत्यंत शांत आवाजात म्हणाल्या, "हे कोण?"

सरांनी घाम पुसला आणि पान एक्केचाळीस उघडून पुढे धरलं.

"पुस्तकातलेच आहेत, बाई."