मागे वळून पाहणारे भाऊजी

अरविंदभाऊजी सायकल वाऱ्यासारखी हाणतात आणि मग आपण वाटेत कोणाला पाडलं तर नाही ना, हे पाहायला तेवढ्याच वेगाने परत जातात. त्यामुळे शिवाजी पार्कहून वरळी सीफेसला जाऊन यायला त्यांना पायी चालणाऱ्यांपेक्षाही जास्त वेळ लागतो.

इरा आणि अन्वय, हे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. तुम्ही त्यांना व्हिडिओ कॉलवर हेल्मेटसकट पाहिलं आहे. लग्न केलं नाही. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात, संध्याकाळी माझ्याकडे जेवतात. सारी नोकरी विमा कंपनीत, मोटार अपघातांचे दावे तपासण्यात गेली. दुसऱ्यांचे मोडलेले हातपाय दिवसभर कागदावर वाचलेल्या माणसाने निवृत्तीनंतर कॅरम खेळावा की नाही? यांनी बोटाएवढ्या टायरांची शर्यतीची सायकल घेतली.

"जरा हळू चालवत जा की," मी म्हणते.

"हळू गेलं की विचार येतात, वहिनी. जोरात गेलं की ते मागे राहतात."

मागे राहिलेले विचार पहिल्याच सिग्नलला त्यांना गाठतात. मघाशी चाकाखाली काहीतरी आलं, तो खड्डा होता की पाय? की भाऊजी वळलेच. एकदा पार्काच्या कट्ट्याजवळ एक गृहस्थ बुटाची नाडी बांधायला वाकले होते. भाऊजी धापा टाकत त्यांच्यापाशी पोचले.

"तुम्हाला मी पाडलं का?"

"नाही हो."

"नक्की ना? कधीकधी सूज नंतर येते."

पुढे हे इतक्यांदा झालं की ते गृहस्थ एक दिवस ओरडले, "अहो काका, रोज काय विचारता? एकदाचं पाडा आणि मोकळे व्हा!"

जेवताना आमच्याकडे दुसरा विषय नसतो. "लोकांना वाटतं, सायकलला लायसन्स नाही, नंबर नाही, म्हणजे कायदाच नाही. सिग्नल सायकलला आहे. बेदरकारपणे वाहन चालवल्याचं कलम सायकललाही लागतं. आणि मोटारवाल्याने ठोकलं तर भरपाई द्यायला त्याची विमा कंपनी असते. मी ठोकलं तर कोण आहे? मीच!"

"आमटी घ्या."

"घेतो. पण त्या माणसाने जायचं कोणाकडे?"

शेवटी ते आपल्या जुन्या ऑफिसात विमा मागायला गेले. काउंटरवरची मुलगी गोड होती. म्हणाली, "सायकल चोरीला गेली तर देऊ, सर. तुम्ही पडलात तरी देऊ."

"आणि माझ्यामुळे दुसरा पडला तर?"

"इश्श, सर! तुम्ही कशाला कोणाला पाडाल?"

भाऊजी घरी आले ते चिडूनच. "विम्याच्या धंद्यात माणसांवर असा विश्वास ठेवून चालत नाही," म्हणाले.

आणि मग गेल्या थंडीत ते झालं. लोअर परळवरून येताना भाऊजींना नेहमीसारखी शंका आली, नेहमीसारखे ते वळले, आणि रस्त्यावर खरंच एक बाई बेशुद्ध पडलेली होती. पिशवी फुटून दूध पसरलेलं. भोवती चारपाच माणसं. त्यांतला एक ओरडला, "हाच तो सायकलवाला!" आणि भाऊजी म्हणाले, "हो, मीच असेन."

बाईंचं नाव शेवंताबाई. तिथल्याच चाळीत राहणाऱ्या, मूळच्या मालवणकडच्या. मुलगा बोटीवर नोकरीला. खुबा मोडला होता. भाऊजींनीच त्यांना टॅक्सीने परळच्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथून थेट चौकी गाठली. मला फोन आला तो चौकीतून. मी पोचले तेव्हा सायकल टेबलाशेजारी उलटी उभी होती आणि भाऊजी तिच्या सांगाड्यावर कोरलेला आकडा हवालदाराला वाचून दाखवत होते.

"आजोबा, ठोकून परत आलेला माणूस मी अजून पाहिला नाही," हवालदार म्हणाला. "घरी जा. चहा प्या."

"तुम्ही आधी माझा जबाब घ्या."

"बाईंना शुद्धीवर येऊ द्या. त्या सांगतील ते लिहू."

मी त्यांना बाहेर ओढलं. "भाऊजी, खात्री नसताना कबुली कशी देता?"

"खात्री नाही म्हणूनच, वहिनी."

या वयात कोर्टकचेरी, कदाचित शिक्षाही. आणि ते खरंच त्यांच्याच हातून झालं असेल तर हा माणूस पुढे जगणार कसा, ही भीती त्याहून मोठी. शेवंताबाईंचं ऑपरेशन झालं. भाऊजी रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून, माझ्याकडून थर्मासमध्ये पेज घेऊन हॉस्पिटलात जात. दारावरची सिस्टर विचारी, "पेशंटचे कोण?" भाऊजी मोठ्याने सांगत, "ठोकणारा." आणि ती गोंधळून आत सोडी. खाटेपाशी मात्र ते अपघाताचं नाव काढत नसत; जबाबाआधी साक्षीदाराशी त्याबद्दल बोलायचं नाही, हा त्यांचा ऑफिसातला नियम.

जबाबाच्या दिवशी मीही गेले. हवालदाराने शेवंताबाईंना विचारलं, "हेच का ते?" भाऊजी खाटेच्या पायथ्याशी फोटोला उभं राहावं तसे उभे राहिले.

"हे? हे कित्याक?" शेवंताबाई म्हणाल्या. "पोरगो होतो तो. माझ्या अंगार येऊन तो पण पडलो. उठलो, माझ्याकडे बघल्यान आणि सायकल घेऊन पळालो."

"नीट बघून सांगा," भाऊजी म्हणाले. "हेल्मेटमध्ये मी वेगळा दिसतो."

"पडलंय मी की तुमी? माका ठाऊक!"

हवालदाराने वही मिटली. "सुटलात, आजोबा."

मला तर वॉर्डभर पेढे वाटावेसे वाटले. भाऊजी मात्र तिथेच उभे होते. त्यांनी शेवंताबाईंना विचारलं, "त्या मुलाला लागलं होतं का हो?"

"ढोपर फुटला होता वाटता."

"घरी कोणाला सांगितलं नसेल त्याने," भाऊजी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

भेटीची वेळ संपत आली होती. नवी सिस्टर आली. एका पेशंटपाशी एवढी माणसं बघून तिने भाऊजींनाच गाठलं. "तुम्ही पेशंटचे कोण?"

भाऊजींनी तोंड उघडलं. 'ठोकणारा' म्हणायची आता सोय नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या थर्मासकडे पाहिलं. सकाळची ती दाढी, ती लगबग मी मनाच्या टोचणीची समजत होते. ती शेवंताबाईंच्या भेटीची होती, हे मला तेव्हा कळलं.

"आमचेच आसत ते," शेवंताबाई उशीवरून म्हणाल्या. "बसांदे तेंका."

सिस्टर पुढच्या खाटेकडे गेली. भाऊजींनी स्टूल जवळ ओढलं, चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, तुम्ही निघा. मला जरा वेळ लागेल."