दिसला गवा, करा सही

साहेब, शाहूवाडीच्या जंगलातला गवा तुम्ही वहीत कोंडलाय, असा माझा सरळ आरोप आहे. कौतुकानंच करतोय. एवढं थोराड जनावर एवढ्या पातळ वहीत बसवायला अक्कल लागते.

कार्तिक सरत आला की अभयारण्यात 'निसर्ग फेरी' निघते. नियम असे: मोठ्यानं बोलू नये (कोल्हापूरकरांना सवलत). गवा न दिसल्यास वाटाड्या बदलावा (गवा बदलण्याची तरतूद नाही).

वाटाड्या शमशुद्दीन. जंगलाला लागून त्याचं पंधरा गुंठे भात, कापणीला आलेलं. गवा शहाणा, माणसं जंगलात शिरली की तो शमशुद्दीनच्या भातात उतरतो. मग शमशुद्दीन धुक्यातला काळा खडक दाखवतो, "पावणं, त्यो बगा!"

"लई मोठा हाय की!" पावणं कुजबुजतात. तिथंच 'गवा दिसला' म्हणून साहेबांच्या वहीत सह्या होतात. यंदा एक्केचाळीस फेऱ्या, एक्केचाळीस गवे. (खडक एकच.)

गेल्या मंगळवारी खडक बघून परतणाऱ्या फेरीला बांधावर खरा गवा भेटला. तो भात खात होता. शमशुद्दीनची बायको खतिजा सकाळी सातपासून पातेलं बडवून त्याला हाकलत होती. पावण्यांनी फोटो काढले आणि अदबीनं सांगितलं, "वैनी, जरा बाजूला व्हा की, फोटूत येताय."

शमशुद्दीन वनखात्याच्या कचेरीत गेला. "सायब, पंचनामा करा आन् गवा आत हाकला. निम्मं भात ऱ्हायलंय, तेवढं तरी घरात येऊ दे."

साहेबांनी वही उघडली. "मंगळवार, सकाळी सात. गवा जंगलात. सही कुणाची?"

"माजीच."

"मग शेतात काय होतं?"

"गवाच की वो!"

"एक गवा एका वेळी दोन ठिकाणी नसतो, शमशुद्दीन."

पंचनाम्यात 'अज्ञात जनावर' अशी नोंद झाली. अज्ञात जनावराला अभयारण्यात घेता येत नाही, त्यामुळं ते नियमानुसार भातातच आहे.

शमशुद्दीन खोटं बोलला, कबूल. पण त्याच्या सहीखाली चौदा पावण्यांच्या सह्या आहेत, आणि त्यातली सहावी तुमची आहे, वाचक महाराज. तुमच्या मोबाईलात गवा आहे, भात आहे, कोपऱ्यात खतिजाचं पातेलंही आहे. खाली तुम्ही लिहिलंय, 'घनदाट जंगलात, अगदी समोरासमोर!'

साहेब बोलणार नाहीत, त्यांचं वहीत भागतंय. निम्मं भात अजून उभं आहे, म्हणून तुम्हाला विचारतो. सांगा, मंगळवारी गवा कुठं दिसला?